निचऱ्यावरचा व्हॉल्व्ह

मिस्त्रींच्या समोर कुणी नळजोडणीचं कौतुक केलं की ते नाक मुरडत. "नळ काय, कुणीही जोडेल," ते म्हणत. "मागे दाब असतो, पाणी झक मारत येतं. वापरलेल्या पाण्याच्या मागे कोण असतं? कुणी नाही. त्याला एकट्यानं, स्वतःच्या वजनावर घराबाहेर पडायचं असतं. त्याला वाट करून देणं, हे खरं काम."

हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं होतं की हाताखालची माणसं त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात ते म्हणून दाखवत. मिस्त्रींना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. उभा जन्म त्यांनी निचऱ्याच्या कामात घातला. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, उंच इमारती. त्यांच्या पोटातून उतरणारे सांडपाण्याचे पाईप मिस्त्रींच्या हातचे. लोक इमारत पुढून बघतात, मिस्त्री मागून बघत. फिरायला निघाले की मधेच एखाद्या बोळात शिरायचे, मान वर करून भिंतीवरच्या पाईपांची ओळ न्याहाळायची आणि बरोबरच्या माणसाला सांगायचं, "ही आपली. आजवर एकदाही तुंबली नाही." बरोबरचा माणूस म्हणजे बहुधा त्यांची बायको, आणि तिची ती भिंत केव्हाच पाठ झालेली असे.

त्यांचे नियम दोन. पहिला, निचऱ्याला श्वास पाहिजे. पाणी खाली जाताना त्याच्या मागे हवा आली नाही तर ते अडखळतं, गुचक्या देतं, घाण वास घरात परत ढकलतं. म्हणून निचऱ्याला छपरापर्यंत जाणारा हवेचा पाईप हवाच. दुसरा नियम पहिल्याहून कडक. निचऱ्यावर व्हॉल्व्ह बसवायचा नाही. कधी नाही, कुठे नाही, कुणी सांगितलं तरी नाही. एका कंत्राटदारानं एकदा नकाशावर तसा व्हॉल्व्ह दाखवला, तेव्हा मिस्त्री हत्यारं पिशवीत भरून सरळ घरी चालते झाले. "निचऱ्याचा गळा धरणाऱ्याला मी मिस्त्री म्हणत नाही," असं जिन्यावरून त्याला ऐकवून आले. शेवटी कंत्राटदारानं नकाशा बदलला. ही हकिकत मिस्त्री आल्यागेल्याला सांगत, आणि दर खेपेला तो जिना एका मजल्यानं वाढत असे.

त्यांच्या बायकोला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत, पण त्या नुसत्या मिस्त्रींच्या बायको नव्हत्या. त्या कापडगिरणीत मागावर होत्या. मागखात्यात सगळे माग एकदम धडधडायला लागले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला ऐकू जात नसे, म्हणून तिथल्या बायका ओठांवरून बोलणं वाचत. मिस्त्रीणबाई त्यात इतक्या पटाईत, की खात्याच्या पार त्या टोकाला मुकादम कुणाच्या नावानं काय पुटपुटला ते त्या ह्या टोकाहून सांगत. धागा तुटायच्या आधी त्याचा ताण बोटाला कळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या मागावर धागा क्वचितच तुटे, आणि ह्याची ऐट त्या अजून मिरवत.

ह्या पटाईतपणानंच घात केला. गिरणीनं हळूहळू कान खाल्ले आणि कुणाला पत्ताच लागला नाही, कारण समोरच्याचे ओठ दिसले की मिस्त्रीणबाईंचं उत्तर तयार. पाठीमागून हाक मारली की आई मुद्दाम लक्ष देत नाही, अशी मुलीची तक्रार असे. खरं काय ते कळलं तोवर घराला सवय झाली होती. मिस्त्रींना काही सांगायचं असलं की ते हातातलं टाकून उठत, बायकोच्या पुढ्यात जाऊन उभे राहत आणि मग बोलत. त्या पाठमोऱ्या असल्या तर खोलीतला दिवा एकदा बंद-चालू करत, म्हणजे त्या वळत.

चालायचं तसं चालत होतं. पण बाहेर वारा सुटलाय, वरच्या मजल्यावर आज पुन्हा भांडण झालं, असल्या फुटकळ गोष्टी सांगायला कोण उठून समोर जातो? आणि संसारात बोलायचं असतं ते बरंचसं असलंच फुटकळ. ते बोलणं त्या घरातून कधी निघून गेलं, कळलंसुद्धा नाही. मिस्त्रींना त्याची चुटपुट होती. त्यांनी ती कुणाला बोलून दाखवली नाही एवढंच.

काम थांबवल्यावर हात कुठे ठेवावेत ते मिस्त्रींना कळेना. घरातले सगळे नळ खोलून पुन्हा जोडून झाले, शेजारच्यांचेही झाले. मग त्यांनी बैठकीच्या खोलीत माशांची टाकी मांडली. साधीसुधी नव्हे. भिंतभर लांब, जाड काचेची, खाली लाकडी कपाट आणि कपाटात दुसरी छोटी टाकी. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेचाच एक उभा कप्पा होता. जास्तीचं पाणी त्या कप्प्याच्या कडेवरून आत सांडायचं, तळाच्या भोकातल्या पाईपानं खालच्या टाकीत उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. वर चढणारा पाईप कप्प्यातल्याच दुसऱ्या भोकातून गेला होता. आत चपटे रुपेरी मासे, मऊ लांब पानांची झाडं, आणि काचेवर जिवाच्या आकांतानं एक वीत सरकणाऱ्या दोन गोगलगाई. सगळी जोडणी अर्थातच मिस्त्रींची. निचऱ्याच्या पाईपाला हवेसाठी वर उघडं तोंड ठेवलेलं होतं, हे सांगायला नकोच.

पाणी उतरताना घळघळ आवाज व्हायचा. मिस्त्रींना तो निचरा ठणठणीत असल्याची खूण वाटायचा आणि बायकोला तो ऐकूच येत नव्हता. त्यामुळे घरातली दोन्ही माणसं सुखात होती, मासेही.

अशात मुलगी आली. ती दुसऱ्या शहरात राहते आणि आली की घराची झडती घेतल्यासारखं सगळं बघते. ह्या खेपेला तिनं आईला हाताला धरून कानाच्या दवाखान्यात नेलं आणि कानामागे बसणारं छोटं मशीन लावून आणलं. दवाखान्यातल्या बाईंनी नीट बजावून सांगितलं होतं. मशीन दिवसभर लावायचं, घरात तर लावायचंच. इतकी वर्षं कानाला शब्द मिळालेले नाहीत, त्यांची नव्यानं ओळख व्हायला हवी. पेटीत ठेवून दिलंत तर कान उरलंसुरलं विसरेल आणि मग मशीनही काही करू शकणार नाही.

येताना मिस्त्रीणबाई भलत्या खुशीत होत्या. स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकून दोनदा थांबल्या, एका सायकलच्या घंटीला तर वळून हसल्या. घराचं दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हे काय आहे?"

"काय कुठे?" मिस्त्री म्हणाले.

"कोणीतरी चूळ भरतंय. टाकतच नाही!"

मिस्त्रींनी टाकीकडे पाहिलं, मुलीनंही पाहिलं. त्या मशीनला काय, सगळं सारखंच. ते शब्द मोठे करतं तशी घळघळही मोठी करतं. मिस्त्रीणबाईंनी मुलीला काही विचारलं, मुलीनं उत्तर दिलं, आणि ते उत्तर घळघळीत वाहून गेलं.

"बाबा, टाकी काढा," मुलगी म्हणाली.

मिस्त्री काही बोलायच्या आत मिस्त्रीणबाईंनी मशीन कानामागून सोडवलं आणि पेटीत ठेवलं. "राहू दे गं," त्या म्हणाल्या. "त्यांची टाकी आहे ती. माझं काय अडलंय, मी ओठ वाचते की."

रागानं म्हणाल्या असत्या तर मिस्त्रींनी दोन हात केले असते. पण त्या सहज म्हणाल्या, भाजी संपली तर संपली, वरण आहे म्हणावं तितक्या सहज, आणि आत निघून गेल्या. मिस्त्रींच्या काळजाला ते जाऊन लागलं. नवऱ्याचे मासे राहावेत म्हणून ही बाई आपला कान पेटीत घालून ठेवते, हे काही त्यांना बघवणारं नव्हतं.

ते उठले आणि स्वयंपाकघरात तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "मशीन पेटीत राहणार नाही. आवाज जाईल. माझा निचरा आहे, मी बघतो. आणि नाही जमलं तर माझ्या हातानं टाकी उतरवीन."

"टाकीवाल्या दुकानातून एखादा माणूस बोलवा ना, बाबा," मुलगी दारातून म्हणाली.

"ह्या घरात? निचऱ्याला? बाहेरचा माणूस?" मिस्त्रींनी त्या संध्याकाळचा चहा अर्धा तसाच ठेवला. मुलगी दुसऱ्या दिवशी गेली ती बापाचा फुगलेला चेहरा बघतच गेली.

मिस्त्री कामाला लागले. पद्धत अशी ठरली की त्यांनी जोडणी बदलायची, पंप चालू करायचा, आणि मिस्त्रीणबाईंनी मशीन लावून खुर्चीत बसून निकाल द्यायचा. घळघळीला ते आजवर ठणठणीतपणाची खूण मानत आले होते, पण ती कुणाच्या कानाला टोचते म्हणजे निचऱ्याला श्वास कमी पडतो, हे आता मिस्त्रींच्या लेखी उघडच होतं. त्यांनी पाईप जाड केला, वर टोपण लावलं, टोपणाला भोक पाडून हवेची बारीक नळी बसवली. पंप चालू केला आणि छाती पुढे काढून उभे राहिले.

"आता चूळ नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"बघ!"

"आता कोणीतरी गरम सूप भुरकतंय."

भोक मोठं केलं. "आता म्हातारा घोरतोय." भोक लहान केलं. "म्हातारा कुशीवर वळला." पाईपाचं खालचं टोक खालच्या टाकीतल्या पाण्यात खोल बुडवलं, तर हवा अडकून मोठमोठे बुडबुडे फुटायला लागले आणि मिस्त्रीणबाई दचकून कपाटाकडे बघत म्हणाल्या, "आत कोणी कोंडलंय का? दार ठोठावतंय." मिस्त्रींनी आणखी एक हवेची नळी जोडली. मग आणखी एक. कोपऱ्यातल्या त्या कप्प्यातून इतक्या नळ्या वर डोकावायला लागल्या की मासे त्या बाजूला फिरकेनासे झाले.

निकाल देण्याचा मिस्त्रीणबाईंना मोठा षोक लागला होता. पण निकाल दिला की त्या कपाळ चोळत आणि मशीन काढून ठेवत. डोकं दुखतं, म्हणत. असे दिवस जात चालले, मशीन कानात कमी आणि पेटीत जास्त. मिस्त्री ती पेटी बघत आणि त्यांना दवाखान्यातल्या बाईंचं बोलणं आठवे. आपल्या नावावर इतक्या भिंती, आणि स्वतःच्या घरात एक पाईप ऐकत नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

शेवटी एका सकाळी त्यांनी पंप बंद केला. लवचीक नळीचं एक टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडानं ओढलं, पाणी लागल्यावर बादलीच्या तळाशी नेऊन ठेवलं. टाकी रिकामी करायची. बोलून गेलो ते करायचं. मासे कुणाला द्यायचे तेही त्यांनी मनात ठरवलं होतं. हात चालत होते, पण तोंड मात्र पार उतरलं होतं.

मिस्त्रीणबाई बाहेर आल्या. पंपाचा दिवा विझलेला दिसला, नळी दिसली, नवऱ्याचं तोंड दिसलं. पंप बंद आहे तर मशीन लावायला हरकत नाही, म्हणून त्यांनी ते लावलं आणि टाकीजवळ स्टूल ओढून बसल्या. बादली भरत होती. थोड्या वेळानं त्यांनी बादलीकडे कान केला, मग नळीकडे.

"अहो, हे पाणीसुद्धा खालीच चाललंय ना?"

मिस्त्री समोर आले. "मग कुठे जाईल?"

"मग हे का बोलत नाही?"

मिस्त्रींनी नळीकडे पाहिलं. बोटाएवढी नळी, पण पाणी काय सपाटून ओढत होती, आणि खरंच मुकाट.

"तिच्यात हवा नाही," ते समजावण्याच्या सुरात म्हणाले. "ती पाण्यानं गच्च भरलीय. हवा नि पाणी एका पाईपात शिरली की एकमेकांच्या अंगावर पडतात, त्याचा आवाज होतो. हवाच नसेल तर..."

पुढचं वाक्य आलं नाही. बादली काठोकाठ भरली, पाणी फरशीवर आलं, मिस्त्रींच्या पायांशी आलं, तरी ते तसेच. शेवटी मिस्त्रीणबाईंनीच नळीचं टोक उचलून वर धरलं आणि फडकं आणलं.

मिस्त्रींच्या डोक्यात जे आलं होतं ते त्यांच्या तत्त्वांना पार खुंटीला टांगणारं होतं. इमारतीच्या निचऱ्याला श्वास लागतो, कारण तिथलं पाणी लहरी असतं. आत्ता बादलीभर येतं, मग तासभर येतच नाही. टाकीचं पाणी तसं नव्हतं. पंप अखंड तेवढंच पाणी वर चढवत होता, म्हणजे खालीही अखंड तेवढंच उतरणार. मग पाईप त्या नळीसारखा गच्च भरलेला का ठेवू नये? हवा आत घ्यायचीच नाही. पाईपाचं तोंड पाण्याखाली बुडवायचं. पण मोकळा पाईप पंपापेक्षा जास्त पाणी ओढणार, कप्पा रिकामा करणार आणि पुन्हा हवा गिळणार. कप्पा रिकामा होऊ नये म्हणून पाईपाला खालून आवळायला हवं, अगदी येईल तेवढंच जाईल इतकं. आणि पाईप आवळायचा म्हणजे निचऱ्यावर व्हॉल्व्ह.

त्या दिवशी मिस्त्री नीट जेवले नाहीत. "गळा धरायचा," ते मधेच स्वतःशी म्हणत आणि मान हलवत. पण संध्याकाळी त्यांनी बादलीतलं पाणी पुन्हा टाकीत ओतलं, पिशवी घेतली आणि दुकानात गेले.

"गेट व्हॉल्व्ह द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "चाक फिरवून हळूहळू उतरणारा. दांडी ओढून खाटकन बंद होणारा नको."

"कुठे बसवताय, मिस्त्री?" दुकानदारानं सहज विचारलं. ती जिन्याची हकिकत त्यानंही ऐकलेली होती.

"गच्चीवरच्या टाकीला," मिस्त्री म्हणाले आणि काउंटरवरच्या वायसरांच्या डब्यात काहीतरी शोधू लागले. उभ्या जन्मात त्या दुकानात ते पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि खोटं बोलण्याचा सराव नसल्यामुळे त्यांनी गरज नसलेले मूठभर वायसरही घेतले.

काम मात्र त्यांनी असं केलं की बघत राहावं. गळा धरायचाच तर निचऱ्याला दुसरा गळा दिला पाहिजे, हे त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. वर चढणारा पाईप त्यांनी टाकीच्या मागच्या कडेवरून आत वळवला आणि कप्प्यातलं दुसरं भोक मोकळं केलं. त्यात एक उंच पाईप उभा केला, वर उघडा, व्हॉल्व्हबिव्हॉल्व्ह काही नाही. पहिल्या पाईपात पान अडकलं, गोगलगाय जाऊन बसली, तर पाणी वर चढेल आणि ह्या राखीव पाईपातून उतरेल. फरशीवर येणार नाही. पहिल्या पाईपाचं तोंड आखूड, पाण्याखाली, जाळी लावलेलं. कपाटात हाताला येईल असा व्हॉल्व्ह, त्याच्या खाली उघडता येणारा जोड. दोन्ही पाईपांची खालची टोकं खालच्या टाकीतल्या पाण्यात बुडवली ती नुसती टेकवावी इतकीच, खोल नाही. कापलेल्या पाईपांच्या कडा त्यांनी कानशीनं घासल्या, बोट फिरवून बघितल्या, पुन्हा घासल्या. सोल्युशन लावून जोड दाबताना ते श्वास रोखत. सांधे सुकायला रात्र दिली.

सकाळी पंप चालू केला. पाईपानं आधी मोठा ढेकर दिला, हवेचे बुडबुडे बाहेर टाकले, दोन-चार आचके दिले. मिस्त्रींनी व्हॉल्व्हचं चाक थोडं आवळलं. कप्प्यातलं पाणी वर चढलं, पाईपाचं तोंड बुडालं, आणि घळघळ थांबली.

पण खात्री केल्याशिवाय सोडतील तर ते मिस्त्री कसले. त्यांनी मुद्दाम पहिल्या पाईपाच्या तोंडावर फडक्याचा बोळा धरला. पाणी चढलं, राखीव पाईपाच्या कडेला लागलं आणि धडाधड खाली कोसळायला लागलं. मिस्त्रीणबाईंनी कान झाकले. मिस्त्री खूश झाले. "ओरडू दे. संकटात ओरडलाच पाहिजे." मग पंप बंद करून पाहिला, वरचं पाणी जेवढं उतरायचं तेवढंच उतरलं आणि खालच्या टाकीत मावलं. पुन्हा चालू केला, पुन्हा तोच ढेकर, पुन्हा शांत.

"झालं!" मिस्त्री कपाटासमोर मांडी घालून बसले होते तिथूनच मान वर करून म्हणाले.

"नाही झालं," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "सूऽऽ असं येतंय."

"कुठे?"

"तिथेच. बारीक आहे."

मिस्त्रींनी काचेला कान लावला, कपाटात डोकं घातलं, पाईपाला गाल टेकवला. त्यांना काही ऐकू येईना. आयुष्यभर लोखंडावरचे हातोडीचे घाव ऐकलेला त्यांचा कान तो सूऽऽ कधीच ऐकणार नव्हता, हे त्यांना त्या क्षणी समजलं. ऐकणार होत्या त्या मिस्त्रीणबाई. त्यांनी चाक जरा पुढे फिरवलं. "आता राखीववाला कुरकुरतोय." मागे फिरवलं. "पुन्हा सू." पुढे, मागे, पुढे. मिस्त्रींचा हात पाईपपाना आवळायला सरावलेला. तो चाकाला धरला की वाजवीपेक्षा जास्तच फिरे.

"व्हा बाजूला," मिस्त्रीणबाई म्हणाल्या आणि फरशीवर बसल्या.

मिस्त्रींनी आपल्या निचऱ्याला आजवर कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. ते बाजूला झाले.

मिस्त्रीणबाईंनी चाक दोन बोटांत धरलं, फिरवलं म्हणण्याइतकंही फिरवलं नाही, आणि थांबल्या. मिस्त्री सांगायला गेले की आता पुढे, तर त्यांनी हातानं गप्प केलं. कप्प्यातलं पाणी सावकाश, दिसेल न दिसेल असं, चढत होतं. त्या वाट बघत राहिल्या. मग पुन्हा तेवढंसं. पुन्हा वाट. धाग्याचा ताण बघतानाचा त्यांचा तो चेहरा मिस्त्रींनी कधी पाहिला नव्हता, कारण गिरणीत ते कधी गेलेच नव्हते. बायको काम करताना इतकी देखणी दिसते हे त्यांना आज कळलं. व्हॉल्व्हमधून जाऊन उरलेल्या पाण्याचा एक पातळसा पापुद्रा राखीव पाईपाच्या कडेवरून आत उतरू लागला, पाईपाच्या भिंतीला चिकटून, आवाज न करता. मिस्त्रीणबाईंनी बोटं काढून घेतली.

मासे फिरत होते, झाडांची पानं एका बाजूला झुकून हलत होती, तेवढ्यावरूनच काय ते कळत होतं की पाणी वाहतंय. मिस्त्रीणबाई बराच वेळ मान तिरकी करून बसल्या.

"आतल्या खोलीतलं घड्याळ अजून तिथेच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की. लग्नात मिळालेलं."

"ते टिकटिक करतं," त्या म्हणाल्या, जणू घड्याळानं आजवर ही गोष्ट त्यांच्यापासून लपवून ठेवली होती. मशीन त्यांनी झोपेपर्यंत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री स्वयंपाकघरात कप विसळत होते. बाहेर फोन वाजला. हात पुसायला फडकं शोधेपर्यंत तो थांबला. थांबला म्हणजे कुणीतरी उचलला होता, आणि घरात कुणीतरी म्हणजे दुसरं कोण असणार? मिस्त्रींनी नळ बंद केला.

"अगं, मीच आहे," मिस्त्रीणबाई सांगत होत्या. "येतंय ना ऐकू. येतंय म्हणून तर बोलतेय... टाकी? इथेच आहे, माझ्यासमोर... नाही, बंद नाही केली. चालू आहे. थांब, ऐकवते."

मिस्त्रींनी दारातून डोकावून पाहिलं. बायकोनं फोन काचेला लावून धरला होता आणि दुसऱ्या हातानं पदर सावरत ती गंभीर चेहऱ्यानं उभी होती. थोड्या वेळानं तिनं फोन पुन्हा कानाशी नेला.

"आलं काही ऐकू? नाही ना? तेच ऐकवतेय तुला."

मग त्या हसल्या. "बाहेरचा माणूस कशाला? तुझ्या बापाचं काम आहे ते, निचऱ्याला व्हॉल्व्ह बसवून केलेलं. असं काम ह्या शहरात दुसऱ्या कुणी करून दाखवावं, मी म्हणते."

मिस्त्री चटकन मागे सरकले आणि पुन्हा नळापाशी गेले. इतकी वर्षं त्यांनी बायकोला बोळाबोळातून भिंती दाखवल्या होत्या, आणि त्यांचं काम चांगलं आहे असं ती एकदाही म्हणाली नव्हती. आता म्हणाली ती त्यांना नव्हे, लेकीला म्हणाली, म्हणजे ते खरंच होतं. त्यांची छाती भरून आली आणि डोळेही, आणि डोळ्यांचं काय करावं ते न कळून त्यांनी धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.

"अहो," बाहेरून आवाज आला, "ती विचारतेय, निचऱ्यावर खरंच व्हॉल्व्ह बसवलात का?"

"बसवला म्हणावं!" मिस्त्री म्हणाले. "आणि फिरवलास तू, तेही सांग."

"बसवला म्हणतात. आणि फिरवला मी."

मिस्त्रींचा हात थांबला. ते भिंतीकडे तोंड करून बोलले होते. उठून कुणाच्या समोर गेले नव्हते, दिवा लावला-विझवला नव्हता, आणि मधे एक अख्खी खोली होती. ते तसेच उभे राहिले, बाहेरचा फोन ठेवला गेल्याचा आवाज येईपर्यंत. मग, बघावं तरी म्हणून, त्यांनी मान न वळवता, आवाज न चढवता, भिंतीलाच विचारलं,

"चहा टाकू का गं?"

"टाका," बायको म्हणाली.